अंगणातल्या जुन्या कोब्यावरच (सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीवर) शहाबादी फरशी बसवली तर चालेल का, की कोबा फोडावाच लागतो? खर्च किती येतो?

चालते. कोबा फोडायची गरज नाही, फक्त आधी हातोडीने ठोकत सगळं अंगण फिरा आणि जिथे भदभद वाजेल तेवढा तुकडा काढून परत भरा. हे कुणीच करत नाही.

आमच्या देवरुखच्या घरी दादाने 2016 च्या मे मध्ये फरशी घातली. मी पुण्यात, फोनवर दहादा सांगितलं की कोब्याला टाचे मारून घे (छिन्नीने खाचा पाडून खडबडीत कर), शेवाळ घासून काढ, आदल्या रात्री पाणी मार. दादाचं उत्तर, "तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस, गवंड्याला कळतं." गवंड्याला एवढंच कळत होतं की पाऊस तोंडावर आलाय आणि दुसरं काम धरायचंय. त्याने कोब्याच्या गुळगुळीत नीरूवर (वरच्या सिमेंटच्या थरावर) तसाच माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, टाकला, तोही पूर्ण नाही, प्रत्येक फरशीखाली कोपऱ्यात चार आणि मधे एक असे गोळे, लाडू मांडल्यासारखे. वरून दिसायला एकदम झकास, आईने रांगोळी पण काढली.

गणपतीला गेलो तर तुळशीजवळच्या फरश्या पाय दिला की डुगडुगायच्या आणि सांध्यातून चिखलाची पिचकारी, आत्याची नवी साडी भरली. दिवाळीत गॅसचा सिलेंडर जरा जोरात टेकवला तर तीन फरश्या मधोमध गेल्या. दादा आजही म्हणतो शहाबादी हलकी निघाली, कोटा फरशी घ्यायला हवी होती. अरे पोकळीवर कोटा पण फुटला असता! त्या फरश्या मी स्वतः काढल्यात, पहार लागलीच नाही, हाताने उचलल्या, खाली गोळे सुटे पडलेले आणि मधे पाणी नि गांडुळं. त्यातला एक गोळा मी माळ्यावर जपून ठेवलाय, पुढच्या वेळी विषय निघाला की खाली काढणार.

तर टाचे मारा, सिमेंटची रबडी ओता, ती ओली असतानाच एकास चारचा (एक सिमेंट, चार वाळू) दीड इंच माल सलग पसरा, फरशीच्या पाठीलाही रबडी लावा आणि ठोकून बसवा. ढाळ घरापासून बाहेर, दहा फुटाला दीड-दोन इंच, कोकणात दोनच धरा. कोब्याला चीर असेल तर ती कधीतरी वर येणारच, म्हणून फरशीचा सांधा त्याच रेषेवर आणा.

हो, आणि उंची! माल आणि फरशी मिळून अडीच-तीन इंच चढतात, फाटक अडकतं. घराचं जोतं (चौथरा) आधीच बुटकं असेल तर पाणी पडवीत येईल, मग मात्र कोबा फोडाच, वर मी काहीही म्हटलेलं असो.

खर्चाचं मला विचारू नका. पैसे दादाने दिले होते आणि आकडा त्याने अजून वहिनीलाही सांगितलेला नाही.