पेट फूडच्या घटकांत चिकन पहिलं आहे, पण खाली सगळी रसायनांसारखी नावं. यातलं पोषण कोणतं आणि नुसती भर कोणती?

ज्या नावांना तुम्ही रसायनं म्हणताय, त्यातली बरीचशी त्या पाकिटातली सगळ्यात गरजेची गोष्ट आहे. डायकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस. झिंक सल्फेट म्हणजे जस्त. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. मिक्स्ड टोकोफेरॉल हे ई जीवनसत्त्वाचेच प्रकार, चरबी खवट होऊ नये म्हणून घातलेले. नाव उच्चारता येत नाही म्हणून वस्तू वाईट, हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

पटत नाही, कारण आमच्या घरात याच यादीवरून वाद झाला आणि त्याचे हाल एका पिल्लाने सोसले. बोक्याचं पिल्लू होतं, राखाडी, माझ्या थोरल्या दिरांच्या खोलीत झोपायचं. भाऊजींनी एकदा पाकीट उलटं करून वाचलं आणि डायकॅल्शियम फॉस्फेटवर बोट ठेवून म्हणाले, "हे खत आहे, जिवाला घालायचं नाही." त्या दिवसापासून पिल्लाला फक्त उकडलेलं बिनहाडाचं चिकन. मी म्हटलं, भाऊजी, मांजर उंदीर खातं तेव्हा हाडं, काळीज, आतडी सगळं खातं, नुसतं मांस म्हणजे उंदीर नव्हे. त्यांचं उत्तर ठरलेलं: "रानातलं मांजर पाकीट फोडून खातं का?" पिल्लू ताटलीवर तुटून पडायचं, त्यामुळे घरात सगळ्यांना त्यांचंच खरं वाटलं. शिवाय ते थोरले.

काही आठवड्यांनी पिल्लाने उड्या मारणं सोडलं. पाठीवरून हात फिरवला की ओरडायचं. मग एका बुटक्या स्टुलावरून उतरताना त्याचा मागचा पाय मोडला. एक्स-रेत हाडं इतकी फिकट होती की मांस कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं ते नीट कळेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय घालता?"

नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते अन्नातून आलं नाही की रक्तातली पातळी टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. पिल्लू पोटभर जेवत असतं आणि आतून हाडं रिकामी होत जातात. उपचार काय झाला? पिंजऱ्यात विश्रांती, वेदनाशामक, आणि पिल्लांसाठीचं तेच तयार खाद्य, डायकॅल्शियम फॉस्फेटसकट. हाडं भरली, पाय थोडा वाकडाच राहिला. भाऊजी आजही म्हणतात की पिल्लू मुळातच अशक्त होतं. मुळात अशक्त असतं तर नुसतं खाणं बदलून सुधारलं कसं, याचं उत्तर त्यांनी मला अजून दिलेलं नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा असतो की कंपन्याही चुकल्या आहेत. चुकल्या होत्या, खरंच. 1987 साली अमेरिकेत पॉल पियॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तयार खाद्यावर वाढलेल्या अनेक मांजरांचं हृदय टॉरिन (मांसातून मिळणारं एक अमिनो आम्ल) कमी पडल्यामुळे फुगून निकामी होत होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारत होतं. कुत्र्याचं शरीर टॉरिन बहुधा स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही. पण त्या चुकीवरचा उपाय म्हणजे खाद्यात वाढवलेलं टॉरिन, यादीतलं आणखी एक रसायनासारखं नाव. म्हणजे हा मुद्दाही माझ्याच बाजूचा.

आता तुमचं चिकन. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट. ताज्या चिकनमध्ये साधारण 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे ते सहज पहिलं येतं. चिकन मील म्हणजे चिकनची भुकटी, ती आधीच वाळवलेली असते, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर असूनही जास्त प्रथिनं तीच देत असेल. मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन असं वेगवेगळं लिहिलं असेल तर मनातल्या मनात बेरीज करा. ओलं आणि कोरडं खाद्य ताडून बघताना पाणी वजा करा: 78 टक्के पाणी आणि 10 टक्के प्रथिनं असलेल्या डब्यात कोरड्या वजनावर प्रथिनं 45 टक्के भरतात. 10 टक्के पाणी आणि 30 टक्के प्रथिनंवाल्या कोरड्या खाद्यात ती 33च.

बीट पल्पला लोक भर म्हणतात. साखर काढून घेतल्यावर उरलेला तो तंतू आहे, आतड्यातल्या जिवाणूंना उपयोगी. बायप्रॉडक्ट म्हणजे बऱ्याचदा काळीज (यकृत), मूत्रपिंड, फुप्फुस, आणि काळजात ए जीवनसत्त्व भरपूर. निरुपयोगी म्हणाल तर कृत्रिम रंग. तो विकत घेणाऱ्या माणसासाठी असतो.

यादीपेक्षा आधी "संपूर्ण आणि संतुलित" ही ओळ शोधा आणि ती कोणत्या वयासाठी लिहिली आहे ते बघा. ती ओळ नसेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही.

हे सगळं निरोगी प्राण्याबद्दल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फरसचा हिशेबच बदलतो, तिथे डॉक्टर सांगतील तेच. माझं वाचून संपूर्ण खाद्यावर वरून कॅल्शियमची पावडरही टाकू नका, मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या पिल्लांची हाडं जादा कॅल्शियमनेही बिघडतात. आणि घरचंच घालायचं असेल तर जरूर घाला, पण प्रमाण पशुपोषणातल्या जाणकार डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यातही कॅल्शियम कार्बोनेट आणि मांजरासाठी टॉरिन येण्याचीच शक्यता जास्त. ते रोज पडतंय की नाही हे बघायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस वयाने धाकटा असला तरी इतरांनी त्यात हात घालायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.