एअर बेड शिल्लक नाही म्हणतात, काय करू?

प्रश्न : ताई, वडील ६८ वर्षांचे, लकवा मारला म्हणून सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहेत. माकडहाडापाशी कातडी काळपट झालीय. सिस्टर म्हणाल्या एअर बेड (पंपानं हवा भरायची गादी) शिल्लक नाही, बाहेरून आणा. ड्रेसिंगची चिठ्ठीपण बाहेरचीच. दुकानदार म्हणतो मधे भोक असलेली रिंगची उशीपण घ्या. एवढं आणलं की झालं का?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : दादा, ही बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. रिंग अजिबात घेऊ नका, तिच्या कडेनं गोल दाब पडतो आणि मधल्या कातडीचं रक्त अजून अडतं, तरी दुकानात ती पहिली पुढं करतात. एअर बेड जमत असेल तर आणा, भाड्यानंही मिळतो, पण तो आणला म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. साधारण दर दोन तासांनी, डावीकडं, पाठीवर, उजवीकडं, आणि कुशीवर एकदम आडवं न करता पाठीमागं उशी लावून थोडंसंच, ३० अंशात कलतं ठेवा. ज्या जागेला आधीच लागलंय तिच्यावर मात्र भार नको, म्हणजे सध्या पाठीवर कमीत कमी. पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. ओढून सरकवू नका, खाली घातलेल्या चादरीनं दोघांनी मिळून उचला.

बेड लावल्यावर एक बघा, गादीखाली कमरेच्या जागी तळहात वर करून हात घाला, वडलांचं अंग हाताला लागलं तर हवा कमी आहे, असा बेड असून नसल्यासारखा. आणि पंपाची पिन काढून मोबाईल चार्जिंगला लावणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा!

काळपट जागा बोटानं दाबून बघा, सोडल्यावर रंग तसाच राहिला तर बेडसोरची सुरुवात झाली समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते बघायचं. त्यावर मालिश नको, स्पिरिट नको, हळद तर नकोच. जखम उघडी झाली तर हायड्रोजन पेरॉक्साईड ओतू नका, नवीन येणारं मांसपण त्यानं जळतं, सलाईननं धुवायचं. महागडं फोम ड्रेसिंग परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा आणि स्वस्तात काय चालेल ते विचारा. लाजू नका. डाळ, अंडी, दूध पोटात गेलं नाही तर कुठलंच ड्रेसिंग पुरं पडत नाही, पण लकव्यात ठसका लागून घास श्वासनळीत जातो, म्हणून तोंडानं द्यायचं का ते आधी विचारा, आणि किडनीचा त्रास असेल तर तेही.

प्रश्न : मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. एअर बेड चार, त्यातले दोन बंद. इंडेंट (सामानाची लेखी मागणी) पाठवते, परत येतं, 'शिल्लक नाही'. बेडसोर झाला की मेमो मात्र मलाच.
— एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, बंद पडलेले दोन आधी उघडून बघा. गादी सहसा ठीक असते, गेलेला असतो पंप नाहीतर नळीचा जोड, आणि आपल्याकडं गादी-पंप सेट म्हणून खरेदी होतो, सुटे भाग कुणी मागवतच नाही. माझ्या मते खरी टंचाई तिथंच आहे. सरकारी दवाखान्यांसाठीची राज्याची खरेदी २०१७ ला हाफकिन या सरकारी महामंडळाकडं गेली, मग २०२३ च्या कायद्यानं वेगळं खरेदी प्राधिकरण आलं, पण पंपाच्या नळीसाठी मुंबईकडं बघत बसण्यात अर्थ नाही, ती रुग्णकल्याण समितीच्या (दवाखान्याचा स्थानिक निधी सांभाळणाऱ्या) पैशातून स्थानिक पातळीवर होते का ते वरिष्ठांना लेखी विचारा.

चालू दोन बेड कुणाला द्यायचे ते वशिल्यावर नको, ब्रेडन स्कोअरवर, म्हणजे बेडसोरचा धोका मोजणाऱ्या गुणांवर ठरवा. सहा मुद्दे, कमाल २३, १८ किंवा खाली म्हणजे धोका. ॲडमिशनलाच कातडी बघून केसपेपरवर लिहा, कारण घरून बेडसोर घेऊन आलेला पेशंट नंतर तुमच्या नावावर लागतो. आणि इंडेंटवर नुसतं 'एअर बेड, नग ५' लिहू नका. या महिन्यात १२ किंवा त्याखाली स्कोअर (म्हणजे जास्त धोका) असलेले इतके पेशंट, त्यातले इतके बेडविना, इतक्यांना वॉर्डात जखम झाली, असं लिहा आणि पोच घेऊन कॉपी स्वतःकडं ठेवा. मेमोच्या उत्तराला तीच जोडायची.