ऑलिम्पियाडचा फॉर्म भरावा का?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, शिवाय जेईईचा क्लास. फिजिक्सची ऑलिम्पियाड द्यायचीच म्हणतो. क्लासचे सर म्हणतात, त्यात वेळ घालवू नकोस. कॉलेजातून आजवर कुणी बसलेलं नाही. काय करावं? — एक आई, तासगाव

उत्तर : ताई, फॉर्म भरू द्या. सरांची काळजी मला समजते, पण पोराला स्वतःहून ओढ लागली आहे आणि ती क्लास लावून येत नाही.

पहिली पायरी म्हणजे एनएसईपी, फिजिक्सची देशपातळीवरची पहिली चाचणी. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, आयएपीटी, ही परीक्षा नोव्हेंबरात घेते. दोन तास, बहुपर्यायी प्रश्न, चुकीला गुण वजा. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा. त्यातून निवडलेली मुलं जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आयएनपीएचओ, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची परीक्षा, देतात. तिथे उत्तर सविस्तर मांडावं लागतं. पुढे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर भरतं आणि शेवटी पाच जणांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो. 2015 साली ती स्पर्धा मुंबईतच झाली होती.

अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच असतो. त्यामुळे यंदाच्या नोव्हेंबरात त्याचा निम्मा भाग शिकून झालेला नसेल. गुण कमी पडले तर घरात कुणी तोंड पाडू नका. खरा प्रयत्न पुढच्या वर्षीचा. मात्र बारावीत एनएसईपीच्या पाठोपाठ जेईई मेन आणि बोर्ड येतं, म्हणून जास्तीची तयारी आत्ताच, अकरावीत झालेली बरी.

तयारी म्हणजे आणखी एक क्लास नको. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर आयएनपीएचओच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह फुकट मिळतात. दर रविवारी त्यातला एकच प्रश्न घ्यायचा आणि दोन तास उत्तर उघडायचं नाही. जेईईत एका गणिताला दोन-तीन मिनिटं मिळतात. एकाच प्रश्नाशी दोन तास झुंजायची सवय तिथे लागत नाही, आणि पुढे संशोधनात काय, इंजिनिअरिंगमध्ये काय, तीच लागते.

दुसरी गोष्ट प्रयोगाची, आणि ती मला जास्त जिव्हाळ्याची. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 50 पैकी 20 गुण प्रयोगाला असतात, त्यासाठी पूर्ण पाच तास. आपल्याकडे जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवलं जातं. बुद्धिमान पोरंही इथेच उघडी पडतात.

त्याला दोऱ्याला लोखंडी नट बांधून एक मीटरचा लंबक करू द्या. लांबी खुंटीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. वीस आंदोलनांना साधारण चाळीस सेकंद लागतील. अडतीसच आले आणि जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, 9.8 ऐवजी 10.8 च्या पुढे निघाला, तर घड्याळ सुरू करताना त्याने ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं असणार. म्हणजे आंदोलनं एकोणीसच झाली. ही चूक त्याची त्याला सापडू द्या, आधी सांगू नका. मग लांबी बदलत जाऊन आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढायचा, आणि जी त्याच्या चढावरून काढायचा.

कॉलेज केंद्र नसेल तर सांगलीत किंवा जवळपास कुठे केंद्र आहे ते आयएपीटीच्या संकेतस्थळावर बघा. फॉर्मला अवकाश असला तरी नट आणि दोरा या रविवारीच काढू द्या. फक्त खुंटी हलणारी नको.