खारे पाणी, कच्चे तेल आणि मधली सीमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिठामुळे ताण वाढतो, असे पुस्तकात वाचले होते. प्रयोगशाळेत मात्र कच्च्या तेलाचा लोंबता थेंब मिठाच्या पाण्यात धरल्यावर आंतरपृष्ठीय ताण (दोन द्रवांच्या सीमेवरची ओढ) कमी भरला. चूक कोणाची? (रसायन तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : बहुधा कोणाचीच नाही. पुस्तकातले विधान पाणी आणि हवा, किंवा पाणी आणि शुद्ध हायड्रोकार्बन यांच्या सीमेबद्दल असते. डेकेन आणि पाणी यांच्यातील ताण सुमारे ५२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सोडियम आणि क्लोराइड आयनांना भोवती पाण्याचे रेणू हवे असल्यामुळे ते तेलाच्या सीमेपासून दूर राहणे पसंत करतात; सीमेलगत क्षार कमी आणि आत जास्त अशी स्थिती झाली, की गिब्जच्या समीकरणानुसार (सीमेवरचे रेणू आणि ताण यांचा संबंध सांगणारे सूत्र) ताण वाढतो. ही वाढ लहान असते. समुद्राच्या पाण्याइतक्या खारटपणाला ती जेमतेम १ मिलिन्यूटनच्या आसपास येते.

कच्च्या तेलाचे तसे नाही. त्यात अस्फाल्टीन व रेझिने (जड, चिकट घटक) आणि नॅफ्थेनिक आम्ले (तेलातलीच सेंद्रिय आम्ले) असतात, ती सीमेवर आधीच ठाण मांडून बसलेली असतात, आणि म्हणूनच त्याचा ताण मुळातच बऱ्याचदा २० ते ३० च्या घरात असतो. आम्लांचे विद्युतभारित भाग एकमेकांना दूर लोटत असतात. मिठाचे आयन हे अपकर्षण झाकून टाकतात, त्यामुळे जास्त रेणू दाटीने सीमेवर मावतात आणि ताण उतरतो. शिवाय खाऱ्या पाण्यात विरघळणे अवघड झालेले ध्रुवीय रेणू सीमेकडे ढकलले जातात. क्षार आणखी वाढवत गेल्यास काही तेलांमध्ये ताण पुन्हा चढू लागतो, पण तो नेमका कुठे वळतो हे त्या त्या तेलावर ठरते.

तरीही एक शंका तपासून पाहाच. थेंबाच्या आकारावरून ताण काढताना दोन द्रवांच्या घनतेतील फरक वापरावा लागतो. तेलाची घनता ०.८५ धरली, तर गोड्या पाण्याशी फरक ०.१५ आणि समुद्राच्या पाण्याशी सुमारे ०.१७५ येतो. खाऱ्या पाण्यासाठी जुनाच आकडा राहून गेला, तर ताण सुमारे १४ टक्के कमी दिसेल, आणि त्यात क्षारांचा काहीही हात नसेल. थेंब ताजा असताना आणि तासाभराने घेतलेली मापेही वेगळी येतात, तेव्हा वेळेची नोंद ठेवावी.

प्रश्न : कॅल्शियमचा परिणाम सोडियमपेक्षा जास्त का मानतात?

उत्तर : बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याच कारणाने. कॅल्शियमचा एक आयन आम्लाचे दोन रेणू बांधू शकतो. मात्र त्यामुळे ताण कमीच होईल असे नाही, कारण तयार झालेला कॅल्शियम नॅफ्थेनेट तेलात विरघळून सीमा सोडूनही जाऊ शकतो. आम्लाला चार कार्बोक्सिलिक गट (कॅल्शियमला धरणारी आम्लधर्मी टोके) असतील, तर रेणूंचे जाळे बनून घट्ट साका बसतो. नॉर्वेच्या हायड्रुन क्षेत्रात अशाच निक्षेपांनी तेल वेगळे करणाऱ्या टाक्यांमध्ये डोकेदुखी निर्माण केली.

प्रश्न : कमी क्षारांचे पाणी खडकात सोडले की जास्त तेल निघते, असे ऐकले. ताण कमी झाल्यामुळेच ना?

उत्तर : मला तसे वाटत नाही. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या रंध्रात २५ मिलिन्यूटन ताणाचा थेंब अडकला, तर त्याला धरून ठेवणारा केशिकीय दाब ५,००० पास्कलपर्यंत जातो. क्षार बदलून ताण २५ वरून २० वर आणला, तरी तो ४,००० उरतो. थेंब सुटायला ताण सुमारे हजारपटीने तरी घटावा लागतो, आणि ते काम पृष्ठक्रियाशील, म्हणजे साबणासारख्या, रसायनांचे आहे. त्या रसायनांसाठी मात्र क्षारता कळीची ठरते, कारण ठरावीक क्षारतेलाच ताण ०.००१ च्या आसपास उतरतो आणि ती थोडी इकडेतिकडे झाली, तरी परिणाम हातचा निसटतो.

निव्वळ पाणी बदलून मिळणाऱ्या लाभाचे श्रेय मी खडकाच्या पृष्ठभागाला देईन. म्हणजे तो तेलाने ओला होतो की पाण्याने, याला. उत्तर समुद्रातील एकोफिस्क या खडूच्या साठ्यात १९८७ पासून सोडलेले समुद्राचे पाणी उपयोगी ठरले, आणि त्यातले सल्फेट, कॅल्शियम व मॅग्नेशियम आयन उच्च तापमानाला खडकाची प्रवृत्ती बदलतात, हे स्पष्टीकरण बरेच मान्य आहे. मुंबई हायचा मुख्य साठाही चुनखडकाचा आहे आणि तिथेही समुद्राचेच पाणी सोडले जाते. तरी खडू आणि हा चुनखडक यांची रंध्ररचना भिन्न असल्याने तिकडचा हिशेब जसाच्या तसा इकडे लावू नये.

प्रश्न : ताण कमी असेल, तर रिफायनरीच्या डीसॉल्टरमध्ये (कच्चे तेल पाण्याने धुऊन क्षार काढणारे यंत्र) पाणी वेगळे होणे सोपे जाते का?

उत्तर : उलट. ताण कमी असला की थेंब अधिक बारीक फुटतात. मग ते टिकतात सीमेवरच्या अस्फाल्टीनच्या कडक पापुद्र्यामुळे. तो पापुद्रा विमल्सक (तेल-पाण्याचे मिश्रण फोडणारे रसायन) फोडतो, आणि विद्युतक्षेत्र थेंबांना एकत्र आणते. धुण्याच्या पाण्याचा सामू फार वाढू देऊ नये; अल्कधर्मी पाण्यात आम्लांचा साबण होतो आणि पायस (तेलात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले मिश्रण) आणखी चिवट बनते.