साडेचारचा अलार्म आणि आनंदाचं टार्गेट

या वेळचं पत्र बोरिवलीचं. बरंच लांब आहे, मुद्द्याचं तेवढं तिच्याच शब्दांत देते.

"ताई, मी ३९ वर्षांची. चर्चगेटला नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. तसं कमी काहीच नाही. पण मजा अशी कशाचीच वाटत नाही, म्हणून दीड वर्षापासून स्वतःवर काम करायला घेतलंय. साडेचारला उठते, मेडिटेशन, मग ग्रॅटिट्यूड डायरीत रोज पाच गोष्टी लिहायच्या. लोकलच्या प्रवासात सेल्फ ग्रोथचे पॉडकास्ट ऐकते, त्यासाठी फर्स्ट क्लासचा पास काढला कारण आमच्या सेकंड क्लासच्या ग्रुपमध्ये कालवा फार. १२,००० रुपये भरून ऑनलाइन कोर्सही केला. २१ दिवसांचं चॅलेंज तीनदा घेतलं, तिन्ही वेळा पंधरा-सोळाव्या दिवशी तुटलं. राग कमी करायचाय, तोही जमत नाही, सकाळी तीन डबे भरताना कुणी 'माझे मोजे कुठेत' विचारलं तरी अंगावर जाते. रात्री झोपायला पावणेबारा होतात. एवढं करून मी हॅपी का नाही? माझ्यातच फॉल्ट आहे का?

ता. क. जुन्या ग्रुपच्या बायका अजून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात कधी येतेस. दसऱ्याला लोकलचा डबा सजवला त्याचे फोटो पाठवले होते, बघून उगाच रडू आलं."

अगं बाई, आधी साधा हिशोब कर. पावणेबारा ते साडेचार म्हणजे पावणेपाच तास. मोठ्या माणसाला निदान सात तास तरी झोप लागते आणि तू दीड वर्षं रोज दोन-सव्वादोन तास कमी झोपतेयस, वर विचारतेस मजा का वाटत नाही. एवढ्या झोपेवर साधू पण मोज्यांवरून खेकसेल. तो अलार्म आजच बंद कर. मला माहितेय तू काय म्हणणार, की घरात तेवढाच एक तास माझा असतो. त्यावर येतेच मी खाली.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही मात्र नीट वाच. कशातच मजा न वाटणं, भूक-झोप बिघडणं, उगाच रडू येणं हे जवळजवळ रोज आणि दोन आठवड्यांच्या वर चाललेलं असेल, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर ते डायरी-बियरीचं कामच नाही, डॉक्टरचं आहे. ताप आल्यावर जातो तसं जायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी तिथे बोललीस तरी चालेल.

आता तुझं ते २१ दिवसांचं चॅलेंज. हा आकडा कुठून आला माहितेय का? एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवीन चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी २१ दिवस जातात. पुढे 'कमीत कमी' गळालं, चेहरा गळाला, आणि राहिलं ते २१ दिवसांत आयुष्य बदला! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर खरोखर बघितलं तेव्हा सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, कुणाला १८ तर कुणाला थेट २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्याने काही फारसं बिघडलं नाही. म्हणजे तू तीनदा नापास झालीस ती परीक्षाच बोगस होती.

डायरीचंही तसंच आहे गं. एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तू रोज पाच लिहितेस! मी पण केलाय हा उद्योग, छान जाड कागदाची डायरी आणून. एक दिवस मागची पानं चाळली तर दर पानावर पहिली गोष्ट 'चहा'. आवडतो मला चहा, पण एवढे आभार मानण्यासारखा काही तो नसतो, दूध कमी असतं आमच्याकडे.

आणि अजून एक, हे वाचून मी स्वतः जरा गप्प झाले होते. २०११ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. काही बायकांना आधी आनंदी असणं किती महत्त्वाचं आहे याबद्दलचा मजकूर वाचायला दिला, मग एक आनंदी फिल्म दाखवली. ज्यांनी तो मजकूर वाचलेला त्यांना फिल्म बघून इतरांपेक्षा कमी आनंद झाला. बहुतेक बघता बघता मनातल्या मनात मोजत बसल्या असणार, झाला का मला, किती झाला, एवढाच कसा. तू दीड वर्षं हेच करतेयस, फक्त त्यासाठी १२,००० रुपये भरून.

आता डब्यांकडे येते, कारण तुझ्या पत्रात मला खरी गोम तिथे दिसली. तुझ्या अख्ख्या सुधारणेच्या यादीत सुधारायचं कुणी? तर तू. उठायचं तू, शांत व्हायचं तू, आभार मानायचे तू, राग कमी करायचा तू. घरातल्या बाकी कुणाच्या नावापुढे एक ओळ नाही. सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेत देशभरातल्या लोकांना विचारलं होतं दिवसाचा वेळ कुठे जातो, तर घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी निघाली दिवसाला २९९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. लक्षात घे, यात जे पुरुष काहीच करत नाहीत ते धरलेले नाहीत, जे करतात त्यांचे हे ९७. मग सकाळी सव्वासहाला, एका हाताने पोळी उलटताना, मागून मोज्यांचा प्रश्न आला आणि तू भडकलीस तर तो स्वभावदोष कसा गं? मला तर तो राग चांगला शहाणा वाटतो. तो बरोब्बर योग्य वेळी, योग्य जागी येतोय आणि तू त्याला मेडिटेशन करून झोपवतेस.

तेव्हा राग कमी करू नकोस, डबे कमी कर. नवऱ्याचा डबा नवरा भरेल. पोळ्या करायला जमत नसेल तर पोळीवाल्या मावशी लाव किंवा पोळी-भाजी केंद्रातून आणू दे, बोरिवलीत काय कमी आहेत का. मुलगा सातवीत आहे म्हणजे मोजे शोधायच्या आणि पाण्याची बाटली भरायच्या वयाचा नक्कीच आहे. सासूबाई कुरकुर करतील, पहिले आठ-दहा दिवस जास्तच. करू देत. भांडण काढून सांगू नकोस, रविवारी दुपारी सगळे जेवून सुस्तावलेले असताना सांग की सोमवारपासून असं आहे. आणि सांगितल्यावर मात्र मधे पडायचं नाही, नवऱ्याने बटाट्याची भाजी कच्ची ठेवली तर कच्ची खाईल. ही गप्प बसायची प्रॅक्टिस तुझ्या त्या मेडिटेशनपेक्षा अवघड आहे, बघ करून. यातून जो तास निघेल तो तुझा, आणि तो झोपून घालवलास तरी चालेल.

आता ता. क. अख्खं पत्र अगदी कोर्सच्या भाषेत लिहिलंयस, आणि जीव कुठे आहे तर त्या खालच्या दोन ओळींत. दसऱ्याच्या फोटोंवर 'उगाच' रडू आलं म्हणतेस, उगाच कसलं? ज्या डब्यात झेंडूची तोरणं लागतात, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा बेत अंधेरी यायच्या आत ठरतो, थंडीत मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलले जातात, त्या डब्यातून उठून तू बाजूच्या डब्यात गेलीस, आणि तिथे कानात इयरफोन घालून माणसांशी नाती कशी जपावीत ते ऐकतेस. मला हसू आलं वाचताना, रागावू नकोस. त्यांचा कालवा असेलच, चर्चगेटला उतरताना डोकं दुखतही असेल, पण त्या कालव्यात कुणी तुला सुधारायला बसलेलं नव्हतं.

शिकणं वाईट असं मी म्हणतच नाहीये. फक्त स्वतःलाच शिकत बसण्यापेक्षा बाहेरचं काहीतरी शिक, ज्यात तू ढ असशील आणि त्याचं कुणाला काही पडलेलं नसेल. मी एक्कावन्नाव्या वर्षी शिवाजी पार्कजवळच्या पालिकेच्या तलावात पोहायला गेले. आठ वर्षांची पोरं शेजारून सुळकन जायची आणि मी कठडा धरून उभी. अजूनही अर्ध्यात दमते. पण त्या पाऊण तासात मी सुखी आहे का हा प्रश्न एकदाही डोक्यात येत नाही, कारण नाकात पाणी गेलेलं असतं. तुझ्या दाराशी तर नॅशनल पार्क आहे, पहाटे तिथे पक्षी बघणारे, सायकलवाले, नुसतेच मोठमोठ्याने हसणारे असे सगळे सापडतात. किंवा पेटी शीक, रांगोळी शीक, काहीही. लगेच जमलं पाहिजे असं नाही, प्रगतीचा तक्ता तर अजिबात ठेवू नकोस. पण हेसुद्धा झोप पुरी झाल्यावर, आधी नाही, नाहीतर यादीत अजून एक ओळ वाढेल एवढंच.

पास संपायची वाट बघू नकोस. फर्स्टच्या पासावर सेकंडमध्ये बसता येतं, टीसी काही म्हणणार नाही. बायका म्हणतील मात्र, "या या, आल्या फर्स्ट क्लासवाल्या." ऐकून घे, गुमान तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकून बस, आणि पहिल्या दिवशी नवऱ्याने स्वतःच्या डब्यात काय भरलं ते त्यांना सांग. मलाही कळव.