रोमहून फ्लॉरेन्स एका दिवसात: ९१५ युरोचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही पाच जण इटलीला जातोय. मी, पत्नी, १३ आणि ९ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांची आई. रोममध्ये चार रात्री मुक्काम आहे, त्यातला एक दिवस रेल्वेने फ्लॉरेन्स करायचं आहे. एका परदेशी संकेतस्थळावर वेगवान गाडीचं जाण्यायेण्याचं तिकीट, गाइड आणि डेव्हिडच्या पुतळ्याच्या संग्रहालयाचा प्रवेश असं पॅकेज आहे. मोठ्यांना १९५ युरो, मुलांना १६५, म्हणजे एकूण ९१५. जेवण नाही. जादा सहलींसाठी आम्ही ६५ हजार रुपये बाजूला ठेवलेत. उरलेले ३० हजार, महिन्याला १५ हजारांची म्युच्युअल फंडाची एसआयपी दोन महिने थांबवून काढावेत असा विचार आहे. व्हिसा अजून हातात नाही. काय करावं?

उत्तर: सहल करा, पॅकेज घेऊ नका, एसआयपीला हात लावू नका. फ्लॉरेन्स ६५ हजारांत बसतं, आणि तेही स्वतःचा वेगळा गाइड घेऊन. मात्र खरेदीचा क्रम चुकला तर हा हिशोब कोलमडतो.

सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. तुमच्या दिवशीचा दर जास्त असला तर दोन्ही पर्याय सारख्याच प्रमाणात महागतील. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, ३.५ टक्के असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ते ४.१३ टक्के पडतं. म्हणजे पॅकेजचे ९१,५०० आणि वर सुमारे ३,८०० मिळून ९५ हजार.

आता पॅकेज सुटं करून पाहू. रोम तेर्मिनी ते फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्थानक हा प्रवास वेगवान गाडीने साधारण दीड तासाचा. त्रेनइतालिया आणि इतालो या दोन कंपन्या हा मार्ग चालवतात. भाडं विमानासारखं वरखाली होतं. आधी घेतलं तर माणशी २५ युरोच्या आसपास, आयत्या वेळी ५० किंवा त्याहून जास्त. स्वस्त तिकिटाला बदल किंवा परतावा जवळपास नसतोच. त्रेनइतालियाचं 'बासे' हे पूर्ण भाड्याचं तिकीट गाडी सुटण्याआधी बदलता येतं आणि १५ वर्षांखालच्या मुलांना त्यावर निम्मं भाडं लागतं.

म्हणून जातानाचं तिकीट स्वस्तातलं घ्या, कारण सकाळची वेळ पक्की असते. पाच जणांचे १२५ युरो. येतानाचं बदलता येणारं घ्या: मोठ्यांचे १५०, मुलांचे ५०, एकूण २००. आई दुपारीच थकल्या तर लवकरची गाडी धरता येईल. पॅकेजात ही मुभा नसते, परतीची गाडी सगळ्या गटाची एकच. त्रेनइतालियाची 'बिंबी ग्रातिस' नावाची मुलांना फुकट नेण्याची योजनाही दिसेल. पण तिच्यात मोठ्यांना पूर्ण भाडं भरावं लागतं. तीन मोठ्यांचे १५० युरो, तर स्वस्त दराने पाचही जणांचे १२५. 'फुकट' वाचून घाई करू नका, दोन्ही दर शेजारी ठेवून बघा.

मुलांच्या १६५ युरोंचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना, कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत असतो. गाडीतही त्यांना सवलत. पॅकेजवाला यातलं फारसं काही तुमच्यापर्यंत पोचू देत नाही. मोठ्या माणसापेक्षा फक्त ३० युरो कमी घेतो. दोन मुलं असलेल्या घराला पॅकेज महाग पडतं ते इथे. उलट आईंच्या तिकिटात ज्येष्ठ नागरिक म्हणून काही सुटेल असं मात्र धरू नका. पासष्टीपुढची मोफत प्रवेशाची सवलत २०१४ साली बंद झाली.

डेव्हिड असलेल्या अकादेमिया संग्रहालयाचं तिकीट आरक्षणासह माणशी सुमारे २० युरो. मुलांचं आरक्षण शुल्क ४ युरो धरलं तर एकूण ६८. फक्त तुमच्या कुटुंबासाठी दोन-अडीच तासांचा परवानाधारक स्थानिक गाइड २०० युरोच्या आसपास मिळतो. हा दर माणशी नसतो, गटाचा असतो. पाच जणांत तो माणशी ४० पडतो, आणि गाइड तुमच्या आईंच्या चालीने चालतो. पॅकेजमधल्या पंचवीस जणांच्या गटात कानात यंत्र घालून, हातात झेंडा धरलेल्या गाइडमागे दगडी गल्ल्यांतून पळावं लागतं. अडुसष्टाव्या वर्षी ते जड जातं. टॅक्सीसाठी ३० युरो ठेवा. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, त्यामुळे आईंसोबत एक जण जाईल, बाकीचे चालतील. स्थानकापासून डुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, जेमतेम बारा मिनिटांवर आहे.

गोळाबेरीज: ३२५ + ६८ + २०० + ३० = ६२३ युरो. मार्कअप धरून सुमारे ६५ हजार रुपये. पॅकेजपेक्षा ३० हजारांनी कमी, म्हणजे नेमके तुमचे एसआयपीचे दोन हप्ते. ते थांबवायचे ठरवलेच असते, तर निदान फंड कंपनीकडे 'पॉज'ची विनंती आधी द्यायला हवी होती. नुसतं खातं रिकामं ठेवलं तर बँक परत गेलेल्या हप्त्याचं शुल्क लावते, आणि ओळीने तीन मासिक हप्ते परत गेले तर एसआयपीच बंद होते.

आता क्रम. व्हिसा येईपर्यंत परतावा नसलेलं काहीही घेऊ नका, २५ युरोचं तिकीटसुद्धा. इथे पॅकेजचा एक खरा फायदा आहे. अशी बरीच पॅकेजेस २४ तास आधीपर्यंत मोफत रद्द करता येतात. पण ते 'मोफत' पूर्ण मोफत नसतं. परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि बँकेने कापलेलं मार्कअप बहुधा परत मिळत नाही. ९१५ युरो केवळ जागा अडवायला भरून ठेवणं म्हणजे तीन-चार हजारांचा जुगार. 'आत्ता राखून ठेवा, नंतर भरा' असा पर्याय असेल तरच पॅकेज तात्पुरतं अडवा.

व्हिसा आला की आधी संग्रहालयाची वेळ पक्की करा, मग गाडी, मग गाइड. बहुतेक जण उलटं करतात. गाडीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतात, आणि मग त्या दिवशीचा अकादेमियाचा स्लॉट संपलेला असतो. सोमवारी अकादेमिया आणि उफिझी हे मोठं चित्रसंग्रहालय दोन्ही बंद असतात. महिन्याचा पहिला रविवार मोफत असतो, पण त्या रांगेत आईंना उभं करण्यापेक्षा ६० युरो गेलेले बरे. साडेसातच्या सुमाराची गाडी आणि पावणेअकराचा स्लॉट असं जमवा. मधला वेळ नाश्ता आणि स्वच्छतागृहासाठी. रांग टाळणारं तिकीट फक्त तिकिटाची रांग टाळतं, सुरक्षा तपासणीची नाही. मुलांचे पासपोर्ट जवळ हवेत, वय दाखवावं लागतं. त्याच दिवशी उफिझी जोडू नका. तीन तास तिथे सहज जातात आणि नऊ वर्षांचं पोर पहिल्या तासातच कंटाळतं. त्याऐवजी पोन्ते वेक्कियो हा जुना पूल आणि पियाझ्झा देला सिन्योरिया हा चौक फुकट बघता येतात. डुओमोच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. तिथे आईंना नेऊ नका.

तिकीट काढताना स्थानकाचं नाव 'फिरेन्झे एस. एम. नोव्हेल्ला' असंच आहे ना, ते पाहा. 'काम्पो दि मार्ते' किंवा 'रिफ्रेदी' लागलं तर केंद्रापासून दूर उतराल. तेर्मिनीच्या फलकावर गाडीचं शेवटचं स्थानक दिसतं, मिलानो (मिलान) किंवा व्हेनेझिया (व्हेनिस), त्यामुळे गाडी क्रमांकावरून शोधा. त्रेनइतालियाच्या तिकिटावर इतालोच्या गाडीत बसता येत नाही, आणि घाईत हीच चूक सर्वात महाग पडते. कार्ड यंत्राने रुपये की युरो असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की तिथल्या यंत्राचा महाग दर लागतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत ना, हेही बघा.

संपाचा धोका खरा आहे. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, बरेचदा शुक्रवारचे. गाडी रद्द झाली तर गाडीचे पैसे मिळतात, संग्रहालयाचा स्लॉट मात्र बुडतो. म्हणून शुक्रवार टाळा.

पॅकेजचा विचार फक्त एकाच परिस्थितीत करा: व्हिसा उशिरा आला आणि अकादेमियाचे स्लॉट संपले तर. सहल कंपन्यांकडे आधीच घेतलेल्या जागा असतात. तेव्हाही आधी फ्लॉरेन्समध्येच सुरू होणारी 'गाइड आणि अकादेमिया' अशी छोटी सहल शोधा, गाडी स्वतः काढा. तीही नसेल तरच ९१५.

आणि एक चौकशी: रोमनंतर कुठे जाताय? पुढचा मुक्काम व्हेनिस किंवा मिलान असेल तर फ्लॉरेन्स त्याच मार्गावर आहे. सामान स्थानकाच्या लगेज डेपोत ठेवून सहा तास फ्लॉरेन्स करा आणि संध्याकाळी तसेच पुढे जा. रोमला परतायचे २०० युरो तिथल्या तिथे वाचतात.