पावसाळ्यात बिअर्डेड ड्रॅगन खात नाही

प्रश्न : माझ्या मुलाने गेल्या हिवाळ्यात बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचे पिल्लू आणले. ते आता आठ महिन्यांचे आहे. काचेची पेटी खिडकीजवळ असून वर साधा पिवळा बल्ब लावला आहे. पाऊस लागल्यापासून ते जवळजवळ काहीच खात नाही आणि चालताना त्याच्या पायांची बोटे थरथरतात. काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बोटांची थरथर हे कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना त्याला उद्याच दाखवा. घरातले कॅल्शियमचे सिरप अंदाजाने पाजू नका.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उन्हाळ प्रदेशातला आहे. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी त्याला ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातील यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे त्याच्या कातडीत तयार होते. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते, साध्या बल्बमधून ते मिळत नाहीत, आणि खानापुरात तर जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊनच पडत नाही. त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी दिव्याची नळी पेटीच्या आत, मध्ये काच न येऊ देता, रोज दहा-बारा तास लावणे अत्यावश्यक आहे. नळी पेटत असली तरी तिचे किरण हळूहळू क्षीण होतात, म्हणून ती साधारण वर्षाने बदलावी.

खाणे थांबण्यामागे ऊब कमी पडत असण्याचीही दाट शक्यता आहे, कारण या प्राण्याचे अंग तापल्याशिवाय अन्न पचत नाही. बल्बखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि त्यावरचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आहे ना, हे थर्मामीटरने मोजा. दुसरे टोक मात्र २५ ते २८ अंशांवर असावे, म्हणजे त्याला हवे तेव्हा सावलीला सरकता येईल. पूर्ण वाढीसाठी पेटी चार फूट लांब व दोन फूट रुंद लागेल. झाकण जाळीचे करा, तळाशी वाळूऐवजी वर्तमानपत्र घाला आणि ते ओलसर लागले की लगेच बदला, कारण आपल्याकडची पावसाळी दमट हवा त्याच्या फुप्फुसांना बाधते. वीज गेली आणि पेटी गार पडली, तर ती पुन्हा तापेपर्यंत खायला घालू नका.

या वयात किडे आणि पाला दोन्ही द्यावेत. शेवग्याचा कोवळा पाला व किसलेला लाल भोपळा चांगला. पालक वारंवार नको, कारण त्यातील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवते. उसाच्या फडातले नाकतोडे फवारणीमुळे धोक्याचे असतात. पावसाच्या तोंडावर आपल्या भागात दिसणारे काजवे तर पेटीत शिरूच देऊ नका, कारण एखादा काजवाही या सरड्याच्या जिवावर बेतू शकतो.

दर रविवारी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर त्याचे वजन करून मुलाला वहीत लिहू द्या आणि पशुवैद्यांकडे जाताना ती वही सोबत न्या.